डाव्या पुडीचा नाद

पिंपळवेढे गावाच्या खालच्या अंगाने वाहणारी कान्हवी नदी चैत्र लागता लागता आटून जाई आणि मागे उरे ती नुसती पांढरी, विस्तीर्ण वाळू. त्या वाळूच्या कडेला, एका करंजाच्या सावलीत, श्रीवाळूनाथ महाराज येऊन बसले. कोठून आले, किती दिवस राहणार, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. नदीला पाणी आले की ते दरडीवर सरकत, पाणी ओसरले की पुन्हा वाळूत उतरत. भाविकहो, त्यांच्या त्या मुक्कामातील ही कथा आहे.

गावात भिवाजी नावाचा एक कोष्टी होता. मोठा अस्वस्थ जीव. हातमाग थांबला तरी त्याच्या मनातला धोटा इकडून तिकडे धावतच राही. त्याला मृदंग शिकण्याची ओढ लागली, तेव्हा महाराजांनी आपल्याजवळचा एक जुना मृदंग त्याच्या मांडीवर ठेवला आणि साधा भजनी ठेका दाखवला. मृदंगाच्या डाव्या तोंडावरील कातड्याला, म्हणजे पुडीला, वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक लावतात. तिच्यानेच त्या बाजूला घुमारा येतो. वादन आटोपले की ती खरवडून काढायची. महाराजांनी नेम घालून दिला तो एवढाच. रोज पहाटे कणीक मळावी, लावावी, ठेका धरावा, आणि शेवटी खरवडून मुंग्यांना घालावी.

भिवाजीने नेम चुकवला नाही. अंगात ताप असतानाही चुकवला नाही. पण मृदंग काही बोलेना! डावी पुडी इतकी जीर्ण होती की ओल्या पोत्यावर थाप मारावी तसा भद भद आवाज येई. भिवाजी जिवाची तगमग घेऊन नदीवर जाई आणि विचारी, हा कधी वाजणार? महाराज वाळूवर बोटाने रेघा ओढत राहत. एकदाच म्हणाले, "हात मांडणे तुझे, भिवा. नादाची काळजी तू कशाला वाहतोस?"

हे उत्तर घेऊन तो परतला, पण अस्वस्थता काही सरली नाही.

देवळातला मृदंग त्र्यंबकबुवांकडे होता. हात उपजतच गोड; ते वाजवू लागले की रस्त्याने जाणारा माणूस थबके. मात्र उत्सव सोडला तर ते वाद्याला शिवत नसत. ज्याला येत नाही त्याने घोकावे, असे ते चारचौघांत म्हणत. भिवाजी दिसला की पारावरून हाक येई, "अरे भिवा, ती कणीक वाया घालवतोस. पोळ्या लाटल्या असत्यास तर तुझी म्हातारी आई तरी जेवली असती." पार हसे. भिवाजी मान खाली घालून निघून जाई, आणि पहाट झाली की त्याची बोटे पुन्हा कणकेत असत.

चैत्रातला पालखीचा दिवस आला. गावची रीत अशी की मृदंगावर पहिली थाप पडल्यावाचून पालखी उचलायची नाही, आणि सूर्य मावळला तर देवाने त्या वर्षी गाभाऱ्यातच राहायचे. पालखी कोष्टी आळीतून नदीवर जाई. भिवाजीची आई भागूबाई अंथरुणाला खिळली होती. तिची बाज त्याने दारात आणून ठेवली होती. सकाळीच ती म्हणाली होती, "औंदा देव दारात पाहू दे, बाळा. पुढच्या चैताचा भरवसा नाही मला."

उन्हे कलली. त्र्यंबकबुवांनी मृदंगावरची खोळ काढली, आणि त्यांचा चेहरा उतरला. डावी पुडी फाटलेली होती. उत्सवाच्या आदल्या दिवशी चार लोकांना वाजवून दाखवून ते तसेच उठले होते. उद्या लावायचीच आहे, म्हणून कणीक खरवडली नव्हती. वाळत्या कणकेच्या वासाला उंदीर आले आणि कातडे कुरतडून गेले.

दुसरा मृदंग आणायचा तर लांबच्या गावाहून. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. गर्दीत कोणीतरी हसत म्हणाले, भिवाचा आहे की! तोवर भिवाजी धावत सुटलाही होता. तो मृदंग घेऊन आला आणि खाली बसून घाईघाईने कणीक मळू लागला.

"त्या पोत्यावर देव उठायचा नाही," त्र्यंबकबुवा म्हणाले. आवाजात चेष्टा होती, पण भीतीही होती.

भिवाजीच्या डोळ्यांपुढे दारातली बाज तरळत होती. मन सैरभैर झाले होते. हात मात्र शांत होते. त्यांना हे काम ठाऊक होते. रोजच्यासारखी त्यांनी कणीक थापली, कडा सारख्या केल्या, आणि थाप टाकली.

काय सांगावे, भाविकहो! भरल्या विहिरीच्या तळातून यावा तसा गंभीर नाद उठला. गाभाऱ्यातली समई थरथरली. पालखी खांद्यांवर चढली आणि कोष्टी आळीला वळली. मृदंग गळ्यात अडकवून पुढे चालणाऱ्या भिवाजीला आपल्या दाराशी थांबता आले नाही; ठेका सोडणे शक्यच नव्हते. डोळ्यांच्या कडेने त्याला दिसले ते एवढेच, की बाजेवरचे दोन कृश हात जोडले गेले आहेत. त्याला पुढचा रस्ता नीट दिसेना. हात मात्र चालत राहिले.

नदीवर पालखी टेकली. त्र्यंबकबुवा रिकाम्या हातांनी मागून आले होते. त्यांच्याने राहवले नाही. त्यांनी पुढे होऊन भिवाजीच्या मृदंगाची डावी पुडी वाजवून पाहिली. भद. पुन्हा वाजवली. भद.

त्यांनी वर पाहिले. करंजाखाली महाराज बसले होते. त्यांचा डावा तळवा ओल्या कणकेने माखला होता आणि बोटे थापांनी लाल झाली होती.

"महाराज, वाजवलेत ते तुम्हीच," बुवा म्हणाले.

महाराज म्हणाले, "मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने रोज पहाटे तो मांडला नसता, तर मी माझा कुठे ठेवणार होतो?"

त्र्यंबकबुवा पाया पडण्यासाठी वाकले, तसे महाराजांनी पाय आखडून घेतले आणि भिवाजीकडे बोट केले. भिवाजीला हे काहीच कळले नव्हते. तो वाळूत बसून, अंधार पडायच्या आत म्हणून, घाईने पुडीवरची कणीक खरवडत होता. बुवा त्याच्यासमोर बसले. मृदंग त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, उरलेली कणीक स्वतःच्या नखांनी हळूहळू काढली, मुंग्यांसाठी वाळूवर ठेवली, आणि त्या जीर्ण कातड्यावर कपाळ टेकवले.