ठकू कासारणीचा दवाखाना

फार वर्षांपूर्वी, हिवरदऱ्याला धड गाडीवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात ठकू नावाची कासारीण राहायची. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती डोंगरातली गावं पायी फिरायची. असं म्हणतात, तिनं भरलेली बांगडी कधी पिचली नाही, आणि नुसता हात धरून ती बाईचं सुखदुःख ओळखायची.

एकदा एका वस्तीवर तिला गोठ्यातून हाक आली, "आक्का, मला भर की बांगड्या."

बघते तर म्हशीशेजारी एक बाई दाव्यानं बांधलेली. ती सालू. तिची दोन लेकरं पटकीच्या साथीत एकाच आठवड्यात गेली, तेव्हापासून तिचं डोकं फिरलं होतं. सात वर्षं ती तिथंच होती. ठकूनं तिचा हात हातात घेतला. दाव्यानं मनगट असं सोललं होतं की बांगडी सरकवायला जागाच नव्हती.

ठकू सालूच्या भावाला म्हणाली, "श्रीपती, हिला माझ्याबरोबर दे."

"ती चावते, आक्का."

"चावू दे."

श्रीपतीनं रडत रडत दावं सोडलं. बिचाऱ्याला दुसरा उपायच ठाऊक नव्हता.

ठकूनं सालूला शहरातल्या डॉक्टरांकडं नेलं, मग स्वतःच्या घरी ठेवलं. औषधानं आणि मायेनं ती हळूहळू निवत गेली. डॉक्टर म्हणाले, "ही बरी होईल. पण अशा बाकीच्यांचं काय? तुमच्या डोंगरात दवाखाना असता तर मी येऊन राहिलो असतो."

"शब्द दिलात हं," ठकू म्हणाली. "दवाखाना मी बांधते."

त्या दिवसापासून बांगड्या भरून झाल्या की ती पदर पसरायची. "डोकं फिरलं म्हणून ज्यांना बांधून ठेवलंय, त्यांच्यासाठी दवाखाना बांधायचाय. जमेल ते घाला." कुणी मूठभर जोंधळे घातले, कुणी पैसा, एका म्हातारीनं कानातली बुगडी काढून दिली. पुष्कळांनी तर दारच लावून घेतलं. ती पुढच्या दाराशी जायची. असं म्हणतात, बारा वर्षांत तिनं सात डोंगर पालथे घातले, आणि ती अनवाणी चालत आली की वाटेवरचा निवडुंग आपले काटे आत ओढून घ्यायचा.

भिंतींपुरतं जमलं. दवाखान्यासाठी हेरलेली गावाजवळची टेकडी मात्र अमृतराव इनामदारांची. ते भरबाजारात हसून म्हणाले, "तुझ्या त्या सालूला पुढच्या बाजारी मोकळी बसव. दिवसभरात कुणाला दगड लागला नाही, तर टेकडी तुझी."

पुढच्या बाजारी ठकू सालूचा हात धरून आली. दोघी चौकात बसल्या. लोक लांब गोल करून उभे राहिले. कुणी शीळ घातली, कुणी वेडावून दाखवलं. ऊन डोक्यावर आलं. आणि सालू उठली, तिनं एक दगड उचलला.

पळापळ झाली. इनामदार पाराच्या चौथऱ्यावर चढले. ठकू जागची हलली नाही.

सालूनं दगड खाली ठेवला. शेजारी दुसरा ठेवला. मग तिसरा. चूल मांडून झाल्यावर ती म्हणाली, "आक्का सकाळपासून उपाशी आहे. कुणी पीठ देता का?"

पळालेली माणसं एकेक करून परत फिरली. मग एका बाईनं पीठ आणलं, एकीनं तवा, एकीनं सरपण. सालू भाकऱ्या थापत राहिली. असं म्हणतात, परातीतलं पीठ काही सरेना, दिवस मावळेपर्यंत अख्खा बाजार त्या चुलीवर जेवला. शेवटी इनामदार खाली उतरले आणि भाकरीसाठी त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"टेकडी दिली," ते म्हणाले. "सागवानही माझ्याच रानातलं ने."

त्या दिवशी ठकूची पाटी दानानं ओसंडून गेली. असं म्हणतात, आठ गड्यांना ती जागची हलेना. ठकूनं एका बाजूनं हात लावला, सालूनं दुसऱ्या, आणि पाटी अलगद उचलली गेली.

वर्षाच्या आत टेकडीवर दवाखाना उभा राहिला. डॉक्टर शब्दाला जागले, बिऱ्हाड घेऊन आले. सालू तिथल्या स्वयंपाकघराची मालकीण झाली.

ठकूला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणाला सांगता येत नाही. पण टेकडीवरून कुणी बरं होऊन घरी निघालं, की हिवरदरा आजही हातातलं काम टाकून धावतो. हलगी कडाडते, बाया ओवाळतात, सगळं गाव त्याला एस.टी.पर्यंत पोचवायला जातं. हलगी थांबेपर्यंत ड्रायव्हर गाडी सोडत नाही. आणि कंडक्टर आत तोंड करून ओरडतो, "पुढची जागा सोडा हो! ठकू कासारणीचा पाहुणा घरी चाललाय!"