टिचकी आणि माळढोकाचं अंडं

मोठा माळ होता. गवतच गवत. गवतात दोघी शेजारणी राहायच्या.

एक माळढोक मावशी. उंच मान, लांब पाय.
दुसरी टिचकी चंडोल. मुठीत मावेल एवढीशी.

मावशीनं एक अंडं घातलं. झाडावर नाही, जमिनीवरच.

एक दिवस कुत्री आली. भों भों भों! मावशी घाबरली. फडफड फडफड उडाली. लांब लांब गेली. परत आलीच नाही.

अंडं राहिलं एकटं. गार वारा सुटला. सूं सूं!

टिचकी अंड्यावर बसली. अंडं मोठं, टिचकी छोटी. घसरली. धुप्प!
"अगं बाई! हे काही माझ्यानं व्हायचं नाही."

टिचकी निघाली. तुरुतुरु, भुर्र!

माळाच्या कडेला मृण्मयीताई राहायची. ती पक्ष्यांची डॉक्टर.
"ताई, ताई, अंडं ने! अंडं एकटं, गारगार!"
ताई म्हणाली, "नेते गं राणी. माळढोक आता थोडेच उरलेत. पण अंडं ठेवू कुठं? अंडी उबवायची माझी पेटी गार पडलीय. पेटी तापली, की अंडं नेईन."

टिचकी पेटीकडे गेली. तुरुतुरु, भुर्र!
"पेटी, पेटी, ताप ना! ताई अंडं नेईना, अंडं एकटं, गारगार!"
पेटी म्हणाली, "मी केव्हाची तयार. पण वीजच नाही. तार तुटलीय. नागूकाकांनी तार जोडली, की तापेन."

नागूकाका वायरमन. रस्त्यात फटफटीवर बसले होते. टिचकी गेली. तुरुतुरु, भुर्र!
"काका, काका, तार जोडा! पेटी तापेना, ताई अंडं नेईना, अंडं एकटं, गारगार!"
"तिकडंच निघालोय, पोरी. पण ह्या मेंढ्या बघ! रस्ताभर बसल्यात. मेंढ्या उठल्या, की तार जोडीन."

टिचकी मेंढ्यांकडे गेली. तुरुतुरु, भुर्र!
"मेंढ्यांनो, मेंढ्यांनो, उठा! काका तार जोडेनात, पेटी तापेना, ताई अंडं नेईना, अंडं एकटं, गारगार!"
"बें बें! बिरूमामांनी शीळ घातली, की उठू."

बिरूमामा मेंढ्यांचे धनगर. लिंबाखाली उभे होते. टिचकी गेली. तुरुतुरु, भुर्र!
"मामा, मामा, शीळ घाला! मेंढ्या उठेनात, काका तार जोडेनात, पेटी तापेना, ताई अंडं नेईना, अंडं एकटं, गारगार!"

मामांनी ओठ जुळवले. फुस्स!
पुन्हा जुळवले. फुस्स!
"काय करू गं लेकी? पुढचा दात पडला. शीळच येईना." मामांचं तोंड एवढंसं झालं.

आता कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं.

टिचकी मामांची शीळ रोज ऐकायची. तिनं चोच उघडली. छाती फुगवली.
"फिऊ फिऊ फीऽऽ!"

मामा दचकले. "अरेच्चा! ही तर माझीच शीळ!"

मेंढ्या उठल्या. बें बें, बें बें!
काकांची फटफटी निघाली. फट फट फट!
काकांनी तार जोडली.
पेटी तापली. घूंऽऽ!
ताई माळावर धावली. अंडं उचललं. अलगद, अलगद. मऊ कापसात गुंडाळलं. उबदार पेटीत ठेवलं.

टिचकी रोज खिडकीत यायची.
"आलं का गं पिल्लू?"
"नाही गं अजून."
"आता?"
"नाही गं, थांब जरा."

मग एका सकाळी...
टुक! टुक! टर्रक्!
अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं. ओलं ओलं, डुगडुग डुगडुग.

पिल्लानं खिडकीकडे पाहिलं. "आई?"
टिचकी म्हणाली, "नाही रे बाळा. मी आई नाही. मी शेजारीण."
पिल्लाला कुठं काय कळतंय! त्यानं चोच उघडली. आऽऽ!

ताई हसली. "याला आपण वाढवू हं. मोठा झाला, की माळावर सोडू."

टिचकी गेली भुर्र. आली भुर्र. चोचीत एक हिरवा हिरवा नाकतोडा.
"घे रे. खा. मोठा हो."