तांबड्या रेघेबाहेरची राणी

एका राज्यात, जिथे डोंगर संपून समुद्र लागतो, तिथे केतकावती नावाची राणी राहत असे. राज्य लहान, पण तिथले मीठ चांदण्यासारखे पांढरे. घाटावर तीन राज्ये होती: एक धान्याचे, एक गुरांचे, एक खाऱ्या तळ्याचे. तिन्ही वेशींवर जकात भरूनही राणीचे मीठ खपे. बैलांचे तांडे बारा महिने घाट चढत-उतरत.

मग एके वर्षी घाटावरच्या तिन्ही राजांनी शपथ घेतली: आपल्या तिघांत जकात नाही, बाहेरच्याला मात्र ती चुकायची नाही. त्यांच्या मांत्रिकाने तिन्ही राज्यांभोवती तांबडी रेघ ओढली आणि म्हणाला, "रेघेबाहेरच्या राज्याचे नाव आत कुणाला आठवणार नाही."

तसेच झाले. रेघेच्या आत बाजार फुलले. तळ्याचे पाणी आटवून केलेले करडे, कडवट मीठ जकात नसल्यामुळे स्वस्त पडू लागले. पांढरे मीठ कुणी मागेना. तांडे थांबले. मिठागरांतली माणसे कामाच्या शोधात घाट चढून गेली आणि रेघ ओलांडताच आपले गाव विसरली.

उरली राणी, आणि वेशीवरचा दगडी नाग. येणाऱ्या मालावर जकात घ्यायला तो तिच्या वडिलांनी बसवला होता. वडील वारल्यावर त्यांचा आवाज त्या नागात राहिला. राणी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसे.

"जेवलीस?" नाग विचारी.

"जेवले," ती म्हणे. दिवसभरात तेवढेच बोलणे.

एकदा एक भारद्वाज पक्षी वेशीवर उतरला. म्हणाला, "राणी, तिन्ही राजांनी आपल्या तोंडाने तुझ्या राज्याचे नाव घेतले, तर रेघ पुसली जाईल."

रेघेच्या आत विसर पडू नये म्हणून राणीने मिठाचा खडा जिभेवर ठेवला, मिठाची पिशवी पाठीला बांधली आणि घाट धरला. वाटेवर कमरेएवढे गवत माजले होते.

धान्याच्या राजाच्या मुदपाकखान्यात ती कामाला राहिली. तिने वरणात पांढरे मीठ घातले. राजाचा घास हातात थांबला. "ही चव तर..." म्हणता म्हणता त्याच्या ओठांवर नाव आले.

गुरांच्या राजाचा बैल चारा तोंडात घेईना. राणीने त्याच्यापुढे मूठ उघडली. मीठ चाटून बैल माणसासारखा बोलला, "यासाठी मी चाळीस वेळा घाट उतरलो आहे." त्याने नाव सांगितले, आणि राजाने ते मोठ्याने म्हटले.

तळ्याकाठी भट्ट्या पेटल्या होत्या. रान तोडून तोडून डोंगर उघडे पडले होते. तिथला राजा राणीला पाहताच उठून उभा राहिला.

"मी नाव विसरलेलो नाही," तो म्हणाला. "मांत्रिक माझाच होता."

"मग ते घ्यावे, महाराज."

"घेतले तर भट्ट्या विझतील. भट्टीवाल्यांनी खावे काय?"

"माझी मिठागरे ओस आहेत. तिथे लाकूड लागत नाही, ऊन पुरते. त्यांना तिथे पाठवा."

राजाने उघड्या डोंगरांकडे पाहिले. मग म्हणाला, "आम्ही रेघ पुसावी आणि तुझ्या नागाने आमच्या तळ्याकाठच्या मातीच्या मडक्यांवर जकात घेत राहावे, हे कसे चालेल?"

राणीला उत्तर ठाऊक होते: नाग उभा असेतो जकात सुटणार नव्हती. तिने सात दिवसांची मुदत मागितली.

ती परतली तेव्हा नागाने नेहमीचेच विचारले. ती "नाही" म्हणाली आणि तिने सगळे सांगितले.

"वेस राखायला मी बसलो," नाग म्हणाला. "आता इथून कुणी येतही नाही. घाल घाव."

"मग मी कुणाशी बोलू, बाबा?"

तिने पहार उचलली. तिसऱ्या घावाला नाग दुभंगला, आणि मग तो नुसता दगड होता.

सातव्या दिवशी तळ्याच्या राजाने नाव उच्चारले. रेघ पुसली गेली. पांढरे मीठ वर गेले, मडकी आणि धान्य खाली आले. गेलेल्यांना आपापली घरे आठवली. त्यांच्यासोबत काजळलेल्या हातांचे भट्टीवालेही उतरले. त्यांतली एक म्हातारी राणीलाच म्हणाली, "बाई, इथे राहायचे तर कुणाला विचारावे?"

"मला," राणी म्हणाली. न बोलून तिचा आवाज घोगरा झाला होता.

तिने म्हातारीला समुद्राकडचे घर उघडून दिले. पुढे ते राज्य गजबजले, आणि राणीने पुष्कळ वर्षे न्यायाने राज्य केले. वडिलांचा आवाज मात्र तिला पुन्हा कधी ऐकू आला नाही.