खोलीखोलीतले आभाळआरसे

फार फार जुन्या काळी एका राज्यात आभाळआरसे मिळत. छपरावर काशाची थाळी ठेवायची, की आभाळातली चित्रं थाळीत उतरायची आणि घरातल्या आरशात बोलू-गाऊ लागायची. भाडं दर महिन्याला, आरशामागे.

एका घरी माजघरात एकच आरसा होता. दिवेलागण झाली की भांडण ठरलेलं. सासूला कीर्तन हवं, नवऱ्याला कुस्त्या, लहानग्या ठकीला माकडांच्या गोष्टी. सून मुलखाची भित्री. आवाज चढले की ती चुलीपाशी जाऊन बसायची.

एकदा आरसेवाला म्हणाला, "वहिनी, थाळी तीच राहू दे, आरसे वाढवा. पुढच्या आरशांना निम्मंच भाडं. एवढं स्वस्त राजवाड्यातसुद्धा नाही!"

सुनेनं घासाघीस करून आणखी कमी करवलं आणि खोलीखोलीत आरसा लावला.

"गुणाची गं माझी सून," सासू म्हणाली. "त्या मेल्या कुस्त्या तरी टळल्या!"

जो तो आपलं ताट घेऊन आपल्या खोलीत बसू लागला. पैसेही फार पडले नाहीत, भांडण मिटलं. सुनेला वाटलं, सुटले.

एका संध्याकाळी ती ठकीचं ताट उचलायला गेली. भात तसाच होता.

"सासूबाई, ठकी तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कशाला? बापाजवळ असेल."

"अहो, ठकी?"

नवऱ्यानं मानसुद्धा वळवली नाही. "तुझ्याच तर मागे असते ती."

सुनेनं गोठा पाहिला, विहिरीत वाकून पाहिलं. हाका मारल्या, पण घरभर आरसे असे गात होते की तिची हाक तिलाच ऐकू येईना.

"झाका ते आरसे! सगळे झाका!" कधी आवाज न चढवलेली सून किंचाळली.

आरशांवर घोंगड्या पडल्या. घर गप्प झालं. तेव्हा कुठे धान्याच्या कणगीतून नखं घासल्याचा आवाज आला.

घट्ट बसलेलं झाकण उघडलं. आत ठकी, घामानं निथळलेली, ओठ निळे पडलेले. बापानं तिला अंगणात आणून वारा घातला. सासू देव आठवू लागली. पोरीचा श्वास परत येईपर्यंत सुनेचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"मी लपले होते," ठकी पुटपुटली. "कुणी शोधायलाच आलं नाही."

सुनेनं एक सोडून सगळे आरसे परत केले.

"वहिनी, सवलत जाईल हं!"

"जाऊ दे."

माजघरात पुन्हा भांडणं सुरू झाली. सून अजूनही भ्यायची, पण त्या गलक्यात एकेक आवाज ओळखून घ्यायची. एखादा कमी वाटला, की हातातलं टाकून उठायची.

तात्पर्य: स्वस्तात मिळालेल्या शांततेपेक्षा एकत्र बसून झालेलं भांडण बरं, त्यात माणसं एकमेकांच्या नजरेसमोर तरी असतात.