न छेडलेला गंधार

एका राज्यात, जिथे पहारेकरीसुद्धा प्रहर सुरात सांगत, राजपुत्र उदयसेनाचे लग्न लागले. दरबारात कालकेतू नावाचा जादूगार गायला बसला. सा लागला, रे लागला, गंधार मात्र घसरला. राजा हसला. राजा हसला म्हणून दरबार हसला.

कालकेतू उठला. "आजपासून इथे जो गंधार गाईल वा छेडील, तो पाषाण होईल."

"शापाने का स्वर जातो?" असे म्हणून नवरदेव गाऊ लागला. सा, रे, ग... आणि उघड्या तोंडाने तसाच दगड झाला. वाड्यातले सारे तंबोरे तडकले. जादूगार धूर होऊन गेला.

त्या दिवसापासून आरत्या अडखळू लागल्या. अंगाया अर्ध्यावर राहू लागल्या, मुले टक्क जागी.

नववधू चारुमतीबद्दल सासरी फार हळू बोलत; तिला ऐकू जाईल इतकेच हळू. "पांढऱ्या पायाची," सासू म्हणे. नणंद म्हणे, "वहिनी आल्या नि दादा गप्प झाले." चारुमती रोज दगडावरची धूळ पदराने पुसे. दोघांच्या मनगटांवर लग्नकंकणे तशीच होती. ती एकमेकांची सोडायची, तोच खेळ राहून गेला होता.

एके दिवशी दगडाच्या खांद्यावर साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "मुली, कोणी न गायलेला, न छेडलेला गंधार याच्या कानी पडला, तर शाप तुटेल."

"असा स्वर यावा कुठून?"

"नव्या तंबोऱ्यातून. षड्जाची तार खरी लागली, की तिच्या पोटातून गंधार आपण होऊन बोलतो. भोपळा वेताळाच्या मळ्यातला हवा. तार लोहपर्वतावरच्या राक्षसिणीची. आणि तारेखाली, सूर खुलवणाऱ्या जवारीला, दोरा तुझ्या कंकणाचा."

"कंकण नवऱ्याने सोडायचे असते."

"म्हणूनच तो दोरा हवा. पण तू सोडलेस, तर तू त्याच्या स्मरणातून सुटशील."

चारुमती निघाली. वेताळाने भोपळ्याच्या बदल्यात तिचे हसू मागितले. तिने दिले; तसेही सासरी त्याचे काम पडत नव्हते. राक्षसिणीने तारेच्या बदल्यात माहेरचे नाव मागितले. ते तर लग्नातच बदलले होते, पण देताना जड गेले. दिल्यावर आई आपल्याला काय म्हणून हाक मारी, ते तिलाही आठवेना.

सुताराने तंबोरा जोडला. ती दगडापुढे बसली. कंकणाची गाठ सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडली.

तिने दोरा तारेखाली सरकवला. षड्ज उतरला, चढला, पुन्हा उतरला. मग दोरा केसभर हलला, आणि तार उजळल्यासारखी झाली. तिने फक्त षड्ज छेडला होता. पण त्याच्या आतून, दूरच्या घरात कोणी बोलावे तसा, गंधार बोलला.

राजपुत्राने अर्धा राहिलेला श्वास पुरा घेतला. त्याच क्षणी गावभर अंगाया पुऱ्या झाल्या. कालकेतूच्या गळ्यातून सारे स्वर गेले. राजाने स्वतःची हसण्याची चूक सोडून बाकी सगळ्याला क्षमा केली.

"तंबोरा छान लागला आहे," उदयसेन म्हणाला. "आपण कोण?"

सासूने सांगितले. नणंदेनेही सांगितले, या वेळी मोठ्याने. त्याने सगळे ऐकून घेतले, परगावचा निरोप ऐकावा तसे. मग मनगट पुढे केले.

"म्हणजे हे आपण सोडायचे."

"एका हाताने सोडायचे असते," चारुमती म्हणाली. "आणि हसत."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. "मग?"

"मग राहू दे."

राज्य सुरात आले, ते आजतागायत सुरात आहे. रोज सांजेला तो गातो, ती मागे बसून तंबोरा धरते. गंधारापाशी तो थोडा थांबतो, मनगटावरच्या जुन्या गाठीला हात लावतो, आणि पुढे मध्यमावर जातो.