आव्यातली फट

पूर्वी काशीदेशात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराच्या वेशीबाहेरील कुंभारवाड्यात जन्माला आला होता. भद्रक हे त्याचे नाव. राजा कसा आहे हे कुंभारवाड्याला फारसे ठाऊक नव्हते; त्याला पाणी किती गार लागते एवढे मात्र पक्के ठाऊक होते, कारण राजवाड्याचे रांजण येथूनच जात. भद्रक रांजण सरळ घडवी आणि वाकडे बोलत नसे, म्हणून लोकांनी त्याला मुखिया केले होते.

वाड्याचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, सगळ्यांत मिळून एकच होता. ज्या घरात चाक फिरे, त्या घराला आव्यात वाटा मिळे. चाक पुरुष फिरवीत. बायका माती तुडवीत, मडकी चोपून गोल करीत, रंगवीत. वाटा मात्र चाकाकडे बघून दिला जाई. हे कोणी ठरवले ते कोणालाच आठवत नव्हते, आणि अशी रीत मोडायला माणसे फार घाबरतात.

त्या वाड्यातल्या चंपिकेचा नवरा तापाने गेला. रीतीप्रमाणे त्याचे चाक उचलून ठेवले आणि घराचा वाटा संपला. मागे पुष्या नावाची लहान मुलगी होती. नगरातल्या एका श्रेष्ठीच्या घरी चंपिकेला धुण्याभांड्याचे काम मिळत होते, पण मूल सोबत चालणार नाही असे त्यांनी आधीच बजावले होते. पुष्येला दूर मामाच्या गावी धाडावे लागणार होते, आणि मामाच्या घरी खाणारी तोंडे काही कमी नव्हती. शेजारणी पाळीपाळीने चंपिकेकडे भात पोहोचवीत. ती घेई, पण भांडे परत देताना मान वर करत नसे.

एके सकाळी ती भद्रकाकडे आली.

"दादा, मला भात नको. आव्यात जागा द्या. चाक नसले तरी हाताने चोपून वाडगी घडवीन. ती विकली गेली तर पोर माझ्यापाशी राहील."

भद्रकाने वाड्यातल्या जाणत्यांना बोलावले. त्यांत वयाने मोठे कोंडकबाबा होते. त्यांचे मन वाईट नव्हते, तोंड तेवढे कडू होते.

"ओले भांडे आव्यात फुटते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते," ते म्हणाले. "हिचे छप्पर गळते. वाडगी वाळवणार कुठे? वर राजाच्या उत्सवाचे रांजण याच आव्यात भाजायचे आहेत. जितके रांजण, तितके धान्य मिळणार. दया करायची तर भात द्या, आवा कशाला?"

भद्रक म्हणाला, "बाबांची भीती खोटी नाही. म्हणून तिची वाडगी माझ्या वाट्यात ठेवू. दोन रांजणांच्या मधे फट राहते, तिथे आपण नाहीतरी खापऱ्याच भरतो. फुटले तर माझे फुटेल."

याला सगळ्यांनी लगेच मान डोलावली. दुसऱ्याच्या नुकसानीला संमती देणे जड जात नाही.

मग वाड्यातल्या प्रत्येक ओट्यावर चंपिकेची वाडगी वाळू लागली. कोणाची शेळी तिकडे वळली, की घरची बाई पोराला दटावावे तशी शेळीला दटावी. पुष्या दिवसभर या ओट्यावरून त्या ओट्यावर फिरे आणि ज्या घरी जेवणवेळ होई तिथे जेवी.

आवा पेटला, निवला, उघडला. भद्रकाच्या वाट्यातला सर्वांत मोठा रांजण उभा चिरला होता, शेजारच्या दोघांचे काठ उडाले होते आणि मधे मातीच्या ठिकऱ्या पडल्या होत्या. वाडगी मात्र बहुतेक धड होती. ठिकऱ्यांत एक शिंग सापडले, तेव्हा उलगडा झाला. आईची भांडी भाजणार, मग आपला मातीचा बैलही भाजावा, म्हणून पुष्येने तो गुपचूप एका वाडग्यात ठेवला होता. बैल भरीव होता. भरीव मातीच्या पोटात ओल राहते आणि आच लागली की फोडून बाहेर पडते. कुंभाराच्या पोराला हे कळते ते पहिला बैल फुटल्यावरच.

चंपिकेचा चेहरा पांढरा पडला. "दादा, आमची चूक झाली. उद्याच पोरीला मामाकडे पोहोचवते."

तो रांजण भद्रकाने जीव ओतून घडवला होता. त्याला वाईट वाटले, आणि वाईट वाटले नाही असे त्याने दाखवलेही नाही. थोडा वेळ तो चिरेवरून बोट फिरवीत बसला. मग त्याने ओल्या मातीचा गोळा घेतला आणि पुष्येला जवळ बोलावले.

"पोट पोकळ ठेवायचे. खाली काडीने भोक पाडायचे, म्हणजे वाफ निघून जाते. कर बघू."

तिने केले. तो म्हणाला, "शेपूट कुठे आहे याला?"

"फुटला त्याला होते," ती म्हणाली.

लोक हसले. भद्रकही हसला आणि चंपिकेला म्हणाला, "पुढच्या खेपेला वाडगी जास्त घडव. माझ्याकडे फटी पुष्कळ आहेत."

तेवढ्यात कोंडकबाबा काठी टेकीत उठले. "हे काही बरोबर नाही," ते म्हणाले. चंपिकेने पुष्येला पोटाशी धरले.

"सगळी वाडगी एकट्या भद्रकाच्या वाट्यात का? थोडी माझ्यात ठेवा, थोडी या बाकीच्यांत. फुटलेच, तर सगळ्यांचे थोडे थोडे फुटेल. एकाचेच घर का बसावे?"

चंपिका श्रेष्ठीच्या घरी गेली नाही. त्या दिवसापासून वाड्यातला प्रत्येक कुंभार आपल्या वाट्यात चाक नसलेल्या घरासाठी जागा सोडू लागला. पुढे दुसरी एक बाई दोन लेकरांसह उघड्यावर पडली, तेव्हा तिला मागायला यावेच लागले नाही.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची चंपिका म्हणजे आज विहारापलीकडच्या आळीत पोरक्या मुलांना जेवू घालणारी उपासिका. पुष्या म्हणजे त्या मुलांना न्हाऊमाखू घालणारी तिची लेक. कोंडकबाबा म्हणजे प्रत्येक मापाला कुरकुरणारे आणि तरीही माप शिगोशीग भरून देणारे आपले कोठाराचे वडील भिक्षू, हे थेर. वाड्यातले कुंभार म्हणजे तुम्ही, आणि भद्रक मीच होतो."

कोठाराचे थेर पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. शास्ता पुढे म्हणाले, "भात देणे चांगलेच. पण आपल्या वाट्यात दुसऱ्याला जागा द्यावी आणि त्याचे फुटले तर आपलेही फुटेल हे जाणून द्यावी, याला करुणा म्हणतात."