दुसरा दाब

“किती दिवस लागतील, उस्ताद? सगळं करायचं. काही म्हणता काही सोडायचं नाही.”

सुदाम औटी पिकअपमधून उतरायच्या आधीच हे बोलला. गाडीचा डावा लाइट फुटलेला, बंपर आत गेलेला, मडगार्ड चाकावर घासत होतं. पोलिसांनी ती कालच सोडली होती.

गफूर उस्ताद स्टुलावर बसून चिंधीनं हात पुसत होते. ओतूरच्या पुढं, माळशेज घाटाच्या वाटेवर त्यांचं गॅरेज. मी तिथंच कडेला पंक्चर काढतो. सुदाम तरणा असताना पान्हा धरायला या गॅरेजातच शिकला, म्हणून ते त्याचे उस्ताद.

“सगळं म्हणजे काय रे?”

“ऑइल, स्प्रिंगचे पाटे, टायर, क्लच... जे जे राहिलंय ते सगळं. तेजस शुद्धीवर यायच्या आत गाडी नव्यासारखी पाहिजे. डोळे उघडले की आधी गाडीचंच विचारील तो.”

तेजस त्याचा एकुलता एक. त्या दिवशी सुदाम तापानं फणफणला होता आणि टोमॅटो भरून तयार. टोमॅटो काय कुणाच्या तापासाठी थांबतात? पोरगं पहिल्यांदाच ही गाडी घेऊन एकटं घाट उतरलं, अन् वळणावर कठड्याला जाऊन धडकलं. छाती स्टिअरिंगवर, डोकं काचेवर. आता पुण्याला दवाखान्यात आहे, नळ्या लावून. डॉक्टर ‘बघू’ म्हणतात.

मला कीव येत होती आणि रागही येत होता, खोटं कशाला बोलू. हा गडी दर दसऱ्याला इथं यायचा. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. उस्तादांपुढं नारळ ठेवून पाया पडायचा. ते म्हणायचे, “गाडी दोन दिवस ठेवून जा, सुदाम.” हा हसायचा. “दिवाळी होऊ द्या की, सीझन आहे.” वर आम्हालाच ऐकवायचा, “मीटर थकून बंद पडलं, पण माझ्या गाडीनं गॅरेजचं तोंड नाही पाहिलं!” छाती फुगवून सांगायचा, जसं काय मोठं शौर्य केलंय.

“ब्रेकचं नाव नाही घेतलंस,” उस्ताद म्हणाले.

“ब्रेक चांगलाय.”

“बरं.”

“नाही, खरंच चांगलाय! आदल्या दिवशी मीच घाट उतरलो. आत्ताही मीच चालवत आणली ना?” त्याचा आवाज चिरकला. “तेजसची आई माझ्याशी बोलत नाही, उस्ताद. दवाखान्यात तोंड फिरवून बसते. तुम्ही तिला सांगा, ब्रेक चांगला होता म्हणून. तुमचं ऐकेल ती.”

“म्हणजे पोराची चूक?”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. “बस आत. दार उघडंच ठेव.”

तो चढला. इंजिन चालू केलं. उस्ताद दारापाशी खाली उकिडवे बसले, त्याच्या पायाशी.

“दाब ब्रेक.”

त्यानं दाबला. “लागला. बघा, कसा कडक लागलाय.”

“किती वेळा दाबलास?”

“एकदाच की.”

मी टायर सोडून बघत होतो. पाय दोनदा पडला होता.

“पुन्हा दाब.”

पुन्हा दोनदा. पहिला झटकन, दुसरा नेटानं. सुदामला पत्ताच नव्हता. माणूस जांभई देताना तोंडापुढं हात नेतो, इतक्या सहज पाय वर येऊन परत खाली जात होता.

मग उस्तादांनी त्याच्या पायावर हात ठेवला.

“अहो उस्ताद! पायाला काय हात लावता? पाप लागेल मला...”

“दाब.”

पाय खाली गेला. उस्तादांनी तो तिथंच धरून ठेवला, दोन्ही हातांनी. वर येऊ देईनात.

“लागला?”

पॅडल जमिनीला टेकलं होतं आणि पायाखाली काहीच लागत नव्हतं.

“पाय सोडा.”

“ही घाटाची उतरण आहे, सुदाम.”

“सोडा हो पाय, उस्ताद!”

“समोर वळण आहे.”

“सोडा!”

तो ओरडला तेव्हा रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून बघायला लागले. उस्तादांनी हात काढला. पाय वर आला, पुन्हा खाली गेला. ब्रेक कडक लागला.

सुदामनं इंजिन बंद केलं.

“मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “आईशपथ, उस्ताद, माहीतच नव्हतं... पाय आपोआप जातो हो.”

“पाय शिकला. तू नाही शिकलास.”

“पण पोराला... पोराला कोण सांगणार होतं, दोनदा दाबायचा म्हणून?” आणि मग तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी उगाच पाण्याच्या टपात ट्यूब बुडवत राहिलो.

उस्तादांनी त्याला गप्प केलं नाही. नुसते शेजारी उभे राहिले.

“तेजसच्या आईला तुम्ही काही सांगू नका,” शेवटी तो म्हणाला. “मीच सांगतो. जे आहे ते सांगतो.”

उस्तादांनी मान हलवली.

सुदामनं बाहीनं तोंड पुसलं. चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि तो हात सोडेना.

“ब्रेक आधी करा. आज करा, आत्ता करा. ऑइल, पाटे, सगळं नवं करा. कितीही दिवस लागू देत, मी तोंडातून शब्द काढणार नाही... मग होईल ना, उस्ताद? होईल ना नीट?”

“गाडी होईल, सुदाम.”